पाहुणे उठवणारी खुर्ची

“सांगून खरं वाटणार नाही, पण आज मी तीन बड्या गुंतवणूकदारांना खुर्चीत डांबून आलोय!” तात्या सुतार दारातूनच गरजले.

घरात श्रोते दोनच. बायको भाजी निवडत होती. मेहुणा, म्हणजे प्लायवुडच्या दुकानाचा मालक, पलंगावर लोळत निकालाची वाट बघत होता. ठरलंच तसं होतं! तात्यांच्या नव्या धंद्यात आज कोणी पैसे घालायला तयार झालं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून कारखान्याला कुलूप, आणि तात्यांनी मेहुण्याच्या दुकानात फळ्या कापायच्या. ज्याचं नाक पुसायला तात्यांनी भर लग्नात स्वतःचा रुमाल दिला होता, त्या पोराला आता ‘मालक’ म्हणायचं! त्यापेक्षा करवतीवर झोपलेलं बरं.

तात्यांचा शोध मोठा बिलंदर होता. दिसायला साधी लाकडी खुर्ची. पण पुढचे पाय मागच्यांपेक्षा बोटभर आखूड. चिवटातला चिवट पाहुणा ऐटीत बसतो, आणि मग ओल्या साबणासारखा हळूहळू पुढे घसरू लागतो. का ते त्याला कळत नाही. शेवटी आपणहूनच म्हणतो, “बरंय, निघतो.” ना अपमान, ना भांडण! ही कल्पना कोणाकडे बघून सुचली, ते मात्र तात्यांनी मेहुण्याला कधी सांगितलं नव्हतं. मेहुणा कायम पलंगच धरायचा, हे तात्यांचं दुर्दैव.

“तर तीन खुर्च्या घेऊन त्यांच्या कचेरीत गेलो. काचेचं टेबल, गार हवा. समोर एक टकलू शेट, एक चष्मेवाल्या बाई आणि एक वकील. म्हटलं, आधी बसा, मग बोलू. तिघांनाही माझ्याच खुर्च्यांवर बसवलं!”

“वा, दाजी!” मेहुणा म्हणाला. “म्हणजे तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.”

खाल्ली होती खरी. कारण तात्यांना कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय, आणि इथे तर मूळ म्हणजे झाडाचंच मूळ! ते मुळापासून निघाले, बुंध्यावर आले, फांदीला हात घालणार तोच बाई उठल्या. “छान वाटलं हं. येते मी.” मागोमाग वकील.

“अहो, मुद्दा राहिलाय!” तात्या ओरडले.

“पोचला, पोचला,” म्हणत शेटही टेबल धरून उभा राहिला. आपण नक्की कुठे निघालोय, हे त्याचं त्याला कळेना! तिघं दारात एकमेकांना “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत बाहेर पडले.

“म्हणजे तुमची खुर्ची चालते की हो!” बायको म्हणाली.

“इतकी चालते, की ऐकायला कोणी उरलंच नाही!”

तात्यांनी हातापाया पडून तिघांना जिन्यातून परत आणलं. पुन्हा बसवलं. पुन्हा बुंध्याशी पोचतायत न पोचतायत तोच तिघं दारात. तिसऱ्यांदा तर शेट बसता बसताच “बरंय” म्हणाला! खोलीत उरले तात्या, तीन रिकाम्या खुर्च्या आणि गार हवा.

इथे तात्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा पोटात घातलं. पाणी प्यायल्यावर त्यांची गोष्ट नेहमीच सुधारते.

“सोमवारी लवकर या, दाजी,” मेहुणा म्हणाला. “मी नात्याबित्यात सवलत देत नाही.”

“थांब रे, उतावळ्या! मी हार मानणारा गडी आहे का? खिशातून लाकडाच्या पाचरी काढल्या आणि खुर्च्यांच्या पुढच्या पायांखाली सारल्या. खुर्च्या गेल्या मागे कलंडून! मग तिघांना चौथ्यांदा आणून बसवलं. असे रुतले, असे रुतले, जशा चिखलात म्हशी! गुडघे वर, डोकी खाली.”

“बाईसुद्धा?” बायकोने हातातली काडी खाली ठेवली.

“बाईंच्या फक्त चपला दिसत होत्या! आता कोण उठून जातंय? मी निवांत मुळापासून सुरुवात केली. शेट म्हणे, हात द्या हो. म्हटलं, आधी मुद्दा! वकील उठायला जातो, तर आणखी आत. त्याला ओढायला शिपाई आला, तोच त्याच्या मांडीवर पडला. मग अख्खी कचेरी धावली. दोर आणला. बारा जण ओढतायत, पण एक माणूस हलेल तर शपथ!”

“दाजी, खुर्ची होती की विहीर?”

“त्याला कारागिरी म्हणतात, कारागिरी!” तात्यांनी मांडीवर थाप मारली. “शेवटी झाड संपलं, खुर्ची आली, मुद्दा आला. शेटच्या डोळ्यांत पाणी! म्हणाला, तात्या, उठवणारी खुर्ची राहू द्या, ही बसवणारीच आम्हाला द्या. हजार करा, दहा हजार करा, पैसा आमचा! बाई म्हणाल्या, माझा पण घ्या! आणि काय सांगू तुम्हाला...” तात्यांनी दोन्ही हात पसरले. “तिघंच्या तिघं ताडकन उभे राहिले, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, असा कडकडाट झाला, की काचेच्या टेबलाला तडा गेला!”

मेहुणा तोंड उघडं टाकून पलंगावर चक्क उठून बसला होता. तात्यांनी मिशीवर बोट फिरवलं. टळला! सोमवार टळला!

बायकोने निवडलेली भाजी टोपलीत टाकली आणि हात झटकले.

“अहो, बारा जणांनी दोर लावून जे हलले नाहीत, ते टाळ्या वाजवायला ताडकन उभे कसे राहिले?”

तात्यांनी पुन्हा तांब्याकडे हात नेला. तांब्या रिकामा होता.

“राहू द्या,” ती म्हणाली. “सोमवारी डबा किती वाजता भरून ठेवू, तेवढं सांगा.”