काजरटेकवरची ठेव

शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. निदान मूठभर साखर तरी घालतात.

*

युरोपातल्या कुठल्याशा जंगलात मुकुल नावाच्या मुलाला झाडाच्या ढोलीत प्लास्टिकचा डबा सापडला आणि तो आनंदाने ओरडला. आत शर्टाचं एक बटण होतं.

*

संक्रांतीच्या वाणात आलेल्या गाळणीने आजवर कोणी चहा गाळलेला नाही.

*

आपल्याकडे जे बांधकाम अनधिकृत असतं, ते यथावकाश अधिकृत होतं. तोवर त्याला गॅलरी निघते.

*

प्रभाकर गुप्ते यांना सकाळी सात ते आठ कोणी काही विचारलेलं चालत नसे.

*

प्रकरण सुरू होतं ते या शेवटच्या वाक्यापासून. गुप्ते कल्याणच्या शरावती सोसायटीत राहत. सरकारी नोकरीत त्यांची हयात व्याख्या लिहिण्यात गेली होती. शेड कशाला म्हणावे, तात्पुरते म्हणजे किती, आवार कुठे संपते. निवृत्तीनंतर मात्र लोक त्यांना व्याख्या सोडून सगळं विचारू लागले. गॅसचा नंबर लावला का, टाकीत पाणी कधी चढणार, जिन्यातला दिवा कोणाच्या खर्चाने. म्हणून ते रोज उजाडता स्कूटर काढून आंबिवलीच्या पलीकडच्या काजरटेक नावाच्या टेकडीवर जात. काजरटेक म्हणजे काही हिमालय नव्हे. साग, कुडा, करवंदाच्या जाळ्या आणि माथ्यावर एक सपाट कातळ. त्या कातळावर गुप्ते तासभर बसत. तिथे त्यांना कोणी काही विचारत नसे. संसारी माणसाला याहून जास्त मोक्ष परवडत नाही.

एका सकाळी पायथ्याशी वनरक्षक कुंडलिक पाटी ठोकत होता. ‘कचरा आढळल्यास मार्चमधील पाहणीनंतर टेकडी बंद करण्यात येईल.’

“बंद म्हणजे सकाळीसुद्धा?” गुप्त्यांनी विचारलं.

“साहेब, बंद म्हणजे बंद. सकाळ त्यातच आली.”

व्याख्या म्हणून ती निर्दोष होती. गुप्ते हादरले.

त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर श्रमदानाची सूचना लावली. रविवारी पायथ्याशी दोन माणसं जमली. एक गुप्ते आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी वासंतीबाई. त्याही कचऱ्यासाठी आल्या नव्हत्या, नवरा रोज पहाटे नेमका कुठे जातो ते बघायला आल्या होत्या. बाकीच्यांपैकी काहींच्या कमरेत उसण भरली होती, काहींकडे पाहुणे येणार होते, आणि दोघं एकमेकांकडे पाहुणे म्हणून गेले होते.

तेव्हा चौथ्या मजल्यावरचा मुकुल म्हणाला, “काका, कचरा उचला म्हटल्यावर कोण येणार? मी कंपनीतर्फे बाहेर गेलेलो ना, तिकडे जिओकॅशिंग असतं. जंगलात डबे लपवायचे, जागा फोनच्या नकाशावर टाकायची, लोक शोधत येतात. डबा उघडायचा, आतली एक वस्तू घ्यायची, तिच्या तोडीची एक ठेवायची. जाता जाता कचरा उचलायचा. किलोला गुण देऊ.”

“म्हणजे टेकडीवरचं प्लास्टिक काढायला आपण आधी टेकडीवर प्लास्टिक ठेवायचं?”

“काका, ते प्लास्टिक वेगळं. त्याचा नकाशा असतो.”

सोसायटीच्या सेक्रेटरी कादंबरीताईंना कल्पना तत्काळ आवडली, कारण तिला नाव देता येत होतं. ‘शोधता शोधता स्वच्छता अभियान’ असं नाव ठरलं, बॅनर झाला, आणि बॅनर आहे म्हटल्यावर अभियान करणं भागच पडलं.

पहिल्या रविवारी ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतची माणसं आली. इतकी आली की टेकडीवरचा कचरा चहाच्या आधीच संपला. गुणांसाठी काही संघांनी आंबिवली स्टेशनच्या बाहेरचा कचरा रिक्षाने आणून टेकडीवर ठेवला, मग उचलला. नियमात तो कुठून उचलावा ते होतं, तिथे कुठून यावा ते नव्हतं. गुप्ते मात्र खूश होते. टेकडी लख्ख दिसत होती आणि मार्च दूर होता.

अडचण डब्यांच्या आत सुरू झाली.

खेळ परदेशी होता, खेळणारे कल्याण-डोंबिवलीचे. भरल्या डब्यातलं आपण होऊन काही उचलणं हे हावरटपणाचं लक्षण, आणि डबा जसा मिळाला तसा मिटून ठेवणं हे माहेरच्या वळणाला लाज. तेव्हा घेतलं कोणीच काही नाही, ठेवलं मात्र सगळ्यांनी. आणि ठेवायला प्रत्येक घरात माळा होता. गाळण्या आल्या, साबणाच्या डब्या आल्या, मुंजीतले स्टीलचे पेले आले, निरोप समारंभातली काचेची सन्मानचिन्हं आली. एका डब्यात काटे थांबलेलं घड्याळ निघालं. त्याच्या पाठीवर ‘जोशी परिवाराकडून’ असं लिहिलं होतं आणि खाली आणखी पाच परिवारांच्या खोडलेल्या चिठ्ठ्या होत्या. वर्षानुवर्षं घरोघर फिरून दमलेल्या त्या घड्याळाला अखेर टेकडीवर विसावा मिळाला.

लहान डबे पुरेनात. झाकणाच्या बादल्या आल्या, मग पिंपं आली, मग कोणीतरी लोखंडी कपाट वर चढवलं. त्याची किल्ली हरवली होती, म्हणून ते सर्वांत अवघड डबा म्हणून नकाशावर लाल रंगात दाखवलं गेलं.

होळीच्या आसपास व्हायचं ते झालं. दिवा स्टेशनहून येणाऱ्या दक्षता नावाच्या चुणचुणीत मुलीच्या संघाने डबा क्रमांक चार कचरा समजून गोणीत घातला. शोधणारे धावत आले.

“ओ मॅडम, तो आमचा खजिना आहे!”

“खजिना? आत तीन गाळण्या आणि अर्धे दात तुटलेला कंगवा आहे. हा खजिना असेल तर आमचं आख्खं दिवा श्रीमंत आहे!”

“नकाशावर आहे तो!”

“तुझं घर पण नकाशावर आहे. उचलू?”

कादंबरीताईंनी तातडीची सभा बोलावली. कचरा म्हणजे काय, हे एकदा ठरवणं आवश्यक होतं. सगळ्यांच्या माना गुप्त्यांकडे वळल्या, आणि निवृत्तीनंतर प्रथमच कोणीतरी त्यांना त्यांच्या कामाचं काही विचारलं. त्या रात्री वासंतीबाईंनी बऱ्याच वर्षांनी नवऱ्याला शीळ घालताना ऐकलं. सकाळी व्याख्या तयार होती:

‘ज्या वस्तूवर अभियानाचा क्रमांक आहे ती ठेव. ज्या वस्तूवर असा क्रमांक नाही ती कचरा. ठेव टेकडीवरून हलवू नये. कचरा टेकडीवर राहू देऊ नये.’

सभेने टाळ्या वाजवल्या. मुकुल म्हणाला, “काका, एकदम क्लीन.” कादंबरीताईंनी क्रमांकाचे गोल स्टिकर छापून घेतले.

पुढच्या रविवारी लोक स्टिकर खिशात घेऊनच आले. पाणी पिऊन झालं की बाटलीला स्टिकर, वेफर्स संपले की पाकिटाला स्टिकर. बाटली कचरा राहिली नाही, ठेव झाली. तिला नकाशावर जागा मिळाली. एक गृहस्थ तर सालं नीट रचून ‘संत्रं, क्रमांक अमुक’ अशी नोंद करून गेले. मार्चमध्ये पाहणीसाठी साहेब आले, ते गुडघाभर ठेवींतून वाट काढत वरपर्यंत गेले आणि त्यांना क्रमांक नसलेली एकही बाटली सापडली नाही. त्यांनी टेकडी शून्य-कचरा असल्याचं लेखी दिलं. ते चौकटीत बसवून, क्रमांक देऊन, लोखंडी कपाटावर ठेवण्यात आलं.

टेकडी वाचली. गुप्ते कातळावर बसून समाधानाने खाली बघत होते. खाली झाडं फारशी दिसत नव्हती, पण ती होती.

आता पेच पडला दक्षताच्या संघाला. किलोचे गुण चालू होते आणि कचरा शून्य होता. दक्षताने नियम पुन्हा वाचला. ती कॉमर्सची पदवीधर होती, वाचलेलं तिला समजत असे.

“पाल्यावर नंबर आहे काय?” तिने विचारलं.

नव्हता. सागाची पानं गोणीत भरली गेली. मग वाळक्या काटक्या. मग सुटे दगड, त्यांना वजन चांगलं होतं. करवंदाच्या जाळीत एका बुलबुलाचं घरटं निघालं. ना क्रमांक, ना नोंद. सरळ अनधिकृत. पण आत अंडी होती आणि राहतं घर पाडायचं कोणाच्या जिवावर येतं? कादंबरीताईंनी माणुसकीच्या दृष्टिकोनातून घरट्याला स्टिकर दिला. बुलबुलाने तो दुपारपर्यंत काढून घरट्याला आतून लावला.

“मुकुल, हे जरा जास्त होतंय रे,” गुप्ते म्हणाले. “टेकडीवर माती दिसायला लागलीय.”

“काका, व्याख्या तुमचीच आहे. आपण फक्त अंमलबजावणी करतोय.”

हे वाक्य गुप्त्यांनी नोकरीत दुसऱ्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्यावर उत्तर नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतरच्या रविवारी ते कातळावर डोळे मिटून बसले असताना समोर सावली पडली.

“काका, तुमचा नंबर?”

दक्षता होती. मागे संघ, हातमोजे, उघडी गोणी.

“माझा कसला नंबर? अगं, मी गुप्ते! नियम मी लिहिलाय!”

“हो ना काका, मस्त लिहिलाय. कुठे पळवाटच नाही. म्हणून तर विचारतेय.”

“मी वस्तू आहे का?”

दक्षताने फोनवर पाहिलं. “वस्तू म्हणजे काय ते लिहायचं राहिलंय तुमच्याकडून.”

गुप्त्यांनी मनातल्या मनात नियम पुन्हा वाचला. हयातीत पहिल्यांदा त्यांची एक व्याख्या राहून गेली होती.

“काका, टेन्शन नका घेऊ,” ती प्रेमाने म्हणाली. “फक्त सांगा, ओला की सुका?”

गोणीत ते मावणार नव्हते. त्यांना सन्मानाने, हाताला धरून खाली आणण्यात आलं आणि वजनकाट्यावर उभं करण्यात आलं. संघाचा उच्चांक झाला. टाळ्या पडल्या. नोंदणीच्या टेबलावर वासंतीबाई बसल्या होत्या. अभियानात आता त्यांचं बरंच वजन होतं.

“अहो, एक स्टिकर लावून घ्या ना. काय बिघडतं? पोपटी आहे, शर्टाला मॅच होतो.”

दोनच मार्ग होते, ठेव व्हायचं किंवा टेकडी सोडायची. गुप्त्यांनी एकदा वर कातळाकडे पाहिलं आणि छाती पुढे केली. वासंतीबाईंनी स्टिकर चिकटवला आणि वरून हलकेच थोपटला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ते कातळावर बसले. पाच मिनिटं शांतता होती. मग जाळीतून कोणीतरी ओरडलं, “सापडले! गुप्तेकाका सापडले!” नकाशावर आता ते होते, शेजारी तीन तारे आणि ‘माफक अवघड, बोलतं करावं लागतं’ असा शेरा. लोक रांगेने येऊ लागले. फोटो काढत, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर म्हणून एकेक प्रश्न विचारत. काका, सोसायटीच्या गच्चीवर शेड टाकली तर चालते का? काका, पाणी वर चढत नाही हो. काका, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे अजून. रिकाम्या हाताने कोणी आलं नाही. नऊ वाजता गुप्त्यांच्या मांडीवर दोन गाळण्या आणि एक सन्मानचिन्ह होतं.

दहा वाजता वासंतीबाई घ्यायला आल्या, तर मुकुलने अडवलं.

“काकू, ठेव हलवता येत नाही. न्यायची तर तिच्या तोडीचं काहीतरी ठेवावं लागेल.”

“ह्यांच्या तोडीचं?” वासंतीबाई विचारात पडल्या. त्या उतरून घरी गेल्या, माळा धुंडाळला, आणि जुना टेबलफॅन घेऊन परत आल्या. तो मोठ्यांदा फिरत असे. वारा येत नसे. मुकुलने गुप्त्यांकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं आणि अदलाबदल मान्य केली.

“वासंती, अगं, त्याच्या पात्याला तडा आहे,” गुप्ते दुखावून म्हणाले.

“चला आता,” त्या म्हणाल्या. “गॅसचा नंबर लावलात का?”

गुप्ते हल्ली घरीच असतात. अभियान जोरात आहे. ठाण्यात आणखी दोन टेकड्यांनी मागणी केली आहे, खोपट डेपोतून खास बस सुटते. तुम्ही अजून गेला नसलात तरी आत्ता हे वाचताना तुमच्या माळ्यावरची एक वस्तू तुमच्या डोळ्यांपुढे आली आहे. ती कोणी दिली तेही आठवलं, आणि ती कपाटावर बसेल की पिंपात, याचा अंदाजही तुम्ही घेऊन झाला आहात. स्टिकर पायथ्याशी मिळतो.

ही सगळी सुरुवात होण्याच्या आदल्या दिवशी काजरटेकवर एकूण कचरा होता दोन बाटल्या, वेफर्सचं एक पाकीट आणि एक बिनजोडीचा सँडल.