मॅचिंगवाल्या अण्णांचे मासे

१४ मे. आज पाण्याचा वार. पिंपं रिकामी करून घासायची, नळ आला की भरायची.

आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळं शहर साठवलेलं शिळं पाणी ओतून देतं आणि ताजं भरून घेतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच माणसाचं उलटं चालतं. नळ यायच्या वेळेला ते दोन बादल्या घेऊन दारोदार फिरतात आणि शिळं पाणी मागतात.

"वहिनी, ओतू नका हां! शिळं हाय की? द्या इकडं. ताजं तुमचं तुमी प्या."

हे मल्लूअण्णा. दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. नवी पेठेत त्यांचं ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर होतं. साडीचा पदर काउंटरवर टाकला की मागे न बघता हात वर करून ताग्यांच्या ढिगातून नेमका पीस काढायचे. गिऱ्हाईक "हिरवा" म्हणालं की चिडायचे. "हिरवा म्हणजे काय? पोपटी हाय, शेवाळी हाय, मेंदी हाय, बाटली हाय. नुसता हिरवा देवानं केलाच नाही." मागच्या वर्षी दुकान विकलं. ऑनलाइनमुळे धंदा बसला म्हणाले. आम्हीही माना हलवल्या.

रिकामा माणूस मोबाइल बघतो. अण्णांनी मोबाइलवर बघितलं, की एका पिंपात मासे ठेवायचे, त्यांच्या घाणीचं पाणी पंपाने वर चढवून भाजीच्या वाफ्यात सोडायचं, भाजी ती घाण खाते, आणि स्वच्छ पाणी परत माशांकडे येतं. माती नको, खत नको. ज्याच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, त्या माणसाने गच्चीवर निळं पिंप आणलं, खडी आणली, पाइपांना भोकं पाडली आणि उजनी धरणावरून चिलापी माशांची पिल्लं आणली.

"अण्णा, मासे? तुमच्या घरी?"

"खायला थोडेच? मेथीला आणलेत."

सोसायटीची सेक्रेटरी मी, कारण दुसरं कुणी होत नाही. त्यामुळे त्या दिवसापासून माझी झोप गेली. गच्चीचा स्लॅब म्हणजे माझ्या घराचं छत. पिंपाचं वजन, खडीचं वजन, गळती. शिवाय डेंग्यूच्या अळ्या तपासायला माणसं येतात, त्यांना काय दाखवायचं? अण्णा म्हणाले, "अळ्या माझी पोरं खातेत की." मासे म्हणजे पोरं, हे मला उशिरा कळलं.

पहिली खेप संध्याकाळपर्यंत गेली. नळाचं ताजं पाणी, त्यात ब्लीचिंग. अण्णांनी सगळी पिल्लं हाताने उचलून कडुलिंबाखाली पुरली. तेव्हापासून ब्लीचिंग उडून गेलेल्या शिळ्या पाण्याचा जोगवा सुरू झाला.

दुसऱ्या खेपेला वेगळंच कळलं. माशांची घाण भाजीला तशीच चालत नाही. मध्ये खडीवर सूक्ष्म जंतू वाढावे लागतात, ते घाणीचं खत करतात, आणि ते वाढायला काही आठवडे लागतात. तोवर मासे आणायचेच नसतात. अण्णांनी हे मासे आणल्यावर वाचलं. "कामगार यायच्या आधीच गिरणी चालू केली बघा," म्हणाले. जंतूंना ते तेव्हापासून कामगारच म्हणतात. ही खेप त्यांनी पाणी बदलून बदलून जगवली.

हे सगळं गंमत म्हणून सोडून दिलं असतं, पण अण्णांनी पैज लावून ठेवली होती. मुलगी सविता हुबळीला असते. "अप्पा, एकटे राहू नका, इकडं या," असा तिचा रोजचा फोन. वैतागून अण्णा तिला म्हणाले, "तू सुट्टीत येशील तोवर मासे जगवून दाखवतो. जगले तर मी हितंच. मेले तर बॅग भरतो. जो मासे सांभाळतो तो स्वतःला सांभाळणार नाही का?" ती हो म्हणाली. म्हणजे त्या पिंपातल्या चिलापीच्या जिवावर अण्णांचा सोलापूरचा पत्ता होता.

मग काय! दुपारी ऑफिसात फोन. "वहिनी, लाइट गेली, पंप बंद पडला." मी इथून काय फुंकर घालणार होते? त्यांनी पंपासाठी इन्व्हर्टर घेतला, स्वतः मात्र उकाड्यात वारा घेत बसले. पाणी तापू नये म्हणून बर्फाच्या बाटल्या पिंपात तरंगत ठेवायचे. माझ्या फ्रीजरमध्ये वाटाणे कमी आणि अण्णांच्या बाटल्या जास्त झाल्या. आमचे हे म्हणाले, "त्यांचं नाव रेशन कार्डावर घालून टाक."

आणि रोज सकाळी ती काचेची नळी. पाण्यातला अमोनिया तपासायची. चार थेंब औषध टाकायचं, थांबायचं. पाणी पिवळं झालं तर ठीक, हिरवं झालं तर विष. अण्णा नळी घेऊन जिन्यात उभे राहायचे आणि जो खाली उतरेल त्याला अडवायचे.

"सांगा बरं, कोणता?"

"पिवळा," मी चपलेत पाय घालत म्हणायचे.

"नुसता पिवळा नसतो वहिनी. लिंबू म्हणा!" आणि खूश होऊन वर जायचे. माझ्या शेजारच्या जोशीबाई एकदा "हिरवट" म्हणाल्या, तर "शेवाळीकडं चाललाय, पाणी बदलतो," म्हणत धावले. म्हातारा सगळ्या बिल्डिंगची परीक्षा घेतो, असं आम्ही म्हणायचो.

सविता यायच्या आठवड्यात जोशीबाई गावाला गेल्या. मी ऑडिटमुळे दोन दिवस पहाटेच बाहेर पडले. सकाळी वरून उतरणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे जिन्यात अडवायला कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी आले. स्वयंपाकघराच्या छताला ओल दिसली, म्हणून तरातरा गच्चीवर गेले. हिरव्या नेटच्या सावलीत अण्णा स्टुलावर बसले होते आणि माशांना खाणं टाकत होते. मासे खाणं घेत नव्हते. सगळे वर येऊन तोंडं वासत होते.

"अण्णा, हे काय?"

"काय की. सकाळपासून असंच करलालेत. तपासलं की मी. लिंबू हाय."

नळी कट्ट्यावर होती. मी उचलून उन्हात धरली. मला शेडमधलं काही कळत नाही, पण ते लिंबू नव्हतं.

"अण्णा, हा हिरवा आहे. चांगला हिरवा."

मी त्यांच्या रागाची वाट बघितली. ते रागावले नाहीत. खाण्याचा डबा त्यांनी खाली ठेवला.

"शेवाळी का बाटली?" त्यांनी हळूच विचारलं.

ही जिन्यातली परीक्षा नव्हती; इतक्या वर्षांत रंगाचं नाव त्यांनी मला पहिल्यांदाच खरोखर विचारलं.

ते पुढे काही बोलायच्या आधी मी जिना उतरले. मासे तोवर थांबणार नव्हते. सेक्रेटरी असल्याचा एवढा एकच फायदा, की दार वाजवलं की लोक उघडतात. ज्याच्या घरी जे शिळं पाणी साठलेलं होतं ते वर आलं. अर्धं पिंप उपसलं, अर्धं भरलं. अण्णा पाइप धरून उभे होते. दोन मासे गेले. बाकीचे हळूहळू तळाशी गेले.

सगळे उतरल्यावर अण्णा म्हणाले, "दुकान ऑनलाइननं बसलं नाही, वहिनी. एका पोरीच्या लग्नाची साडी होती, वांगी रंगाची. मी चॉकलेटी पीस दिला. शेजारचा दुकानदार हसला. त्याच आठवड्यात दुकान विकलं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"काय दाखवायचं? आमच्या वडिलांची नजरबी अशीच गेली. कळलं तर सविता मला हितं एक दिवस ठेवणार नाही. तुमी सांगू नका."

"ती विचारेल तर मी खोटं बोलणार नाही."

"मग ती विचारायच्या आत..." ते अडले.

"मग ती यायच्या आत डॉक्टर," मी म्हटलं. "मोतीबिंदू असेल तर काढतात. नसेल तर काय आहे ते तरी कळेल. उद्या नऊला तयार राहा."

"मासे?"

"आमचे हे बसतील मासे बघत. तसेही सकाळी पेपरच बघत बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात उशिरा येते म्हणून कळवलं, स्कूटर काढली आणि हॉर्न दिला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. डॉक्टरकडे जायचं म्हणून भर उन्हाळ्यात बूट-मोजे. बूट घालायला पायरीवर बसले तेव्हा दिसलं: एक मोजा काळा, दुसरा गडद निळा.

बूट चढले की दिसणार नाही, असा विचार करून मी गप्प राहिले. त्यांनी नाड्या बांधल्या, आणि मी म्हटलं, "बसा. खांदा घट्ट धरा."