बाईंची चौथी हरकत

सौसरच्या तहसीलीसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. आमच्या सुमनबाईंनी एकदा परक्याच्या लग्नावर हरकत घेतली होती. कोर्टातल्या लग्नाची नोटीस फळ्यावर लागली. खाली लिहिलेलंच असतं, कोणाला आक्षेप असल्यास कळवावे. बाईंनी कळवला. कारण काय, तर मुलगा दिवसाला तंबाखूचे चार खर्रे खातो! लग्न व्हायचं ते झालंच. वर नवरदेवानं बाईंना जेवायला बोलावलं, आणि बाई गेल्याही. परत येऊन मला म्हणतात, "पोरगा चांगला आहे रे पक्या. पण माझी हरकत कायम."

बाई आमच्या शाळेतल्या. आम्हाला हिंदी शिकवायच्या. आता वय एकाहत्तर, घरी एकट्याच. नाली असो, नळ असो, बस स्टँड हलवायचं असो, सरकारनं हरकती मागवल्या की बाईंचा अर्ज पहिला. अर्ज शुद्ध सरकारी हिंदीत, कारण आम्ही इथले मराठी असलो तरी सरकार भोपाळचं. आपण नुसतं कुरकुरलो की बाईंचं ठरलेलं वाक्य, "पहिले वाच, मंग बोंब मार."

आणि सोवळ्या किती म्हणाल! बनियनच्या जाहिरातीतला पहिलवान दिसू नये म्हणून बाजारात गल्ली बदलतात. दहावीला विज्ञानाचे सर रजेवर गेले, तेव्हा प्रजननाचा धडा बाईंच्या वाट्याला आला. बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, "हा घरी वाचा. अन् मोठ्यानं वाचू नका." झाला धडा.

म्हणून मागल्या महिन्यात बाई दुकानात येऊन बसल्या आणि कशावर हरकत घ्यायची ते सांगितलं, तेव्हा माझा हात की-बोर्डवरच राहिला. सरकारनं नव्या कायद्याचा मसुदा काढून त्यावर हरकती मागवल्या होत्या. अतिशय घाणेरडी, मारझोडीची नागडी चित्रं किंवा फिल्म नुसती जवळ सापडली तरी जेल. बनवणं, विकणं तर सोडाच, जवळ असणं हाच गुन्हा. आणि बाईंची त्याला हरकत!

खसऱ्याची, म्हणजे शेताच्या उताऱ्याची, नक्कल काढायला आलेले गज्जूभाऊ संत्रेवाले बाकावर होते. ते फिस्सकन हसले. "काय बाई, या वयात?"

बाई वळल्या. "गजानन, तुझा फोन दे बरं इकडे. गॅलरी उघडून दे."

"कायले?"

"काही नसन तं भेतं काऊन?"

गज्जूभाऊंनी फोन खिशात घातला. मग त्यांना अचानक शेतातली मोटार बंद करायची आठवली. नक्कल माझ्या मशीनवरच राहिली.

बाई सांगू लागल्या, मी टाइप करू लागलो. आक्षेप क्रमांक एक: 'अत्यंत अश्लील' किसे कहें, यह कौन तय करेगा? क्रमांक दोन: बिना माँगे किसी ने भेज दिया, तो दोष किसका? क्रमांक तीन: जिसने बनाया वह बाहर, और जिसके पास मिला वह अंदर, यह कैसा न्याय?

मला राहवेना. मलाही दोन मुली आहेत. मी म्हटलं, "बाई, रागावू नका. पण त्या फिल्ममधली बाई कोणाची तरी लेक असते. तिचे हाल झालेले असतात. अशी वस्तू कोणी जवळ ठेवायचीच कशाला?"

बाई रागावल्या नाहीत. "नाहीच ठेवू," त्या म्हणाल्या. "ते जाळूनच टाकाव. जो बनवते त्याले तं जन्मभर आत टाकाव. पण ज्याच्याजवळ भेटलं, त्याले एकदा विचाराव तं खरं."

ऑनलाइन फॉर्ममध्ये पुढचा रकाना होता, आक्षेपकर्त्याचा विषयाशी संबंध. तिथे बाई दर वेळी 'नागरिक' लिहायला सांगायच्या. मी सवयीनं तेच टाइप केलं.

"खोड ते," बाई म्हणाल्या. "लिही, बहन."

"कोणाची?"

बाई चष्मा पुसू लागल्या.

"माझा भाऊ होता, पक्या. मनोहर. वीस वर्षांचा. मले सायकलवर जामसांवलीले देवदर्शनाले नेतो म्हणे, अन् दोस्तांसंग निघून गेला. मले असा राग आला! शाईची दौत पाहायले त्याची पेटी उघडली, तं कपड्यांखाली तीन फोटो. घाण. बाईले बांधून ठेवलं होतं त्यात. मी भेली, रडली. पण बाबाले नेऊन दाखवले ते त्या सायकलीच्या रागानं."

मी की-बोर्ड बाजूला सरकवला.

"बाबा मास्तर होते. त्यायनं त्याच्या हातात ते फोटो देऊन त्याले दारात उभं केलं. सारी गल्ली पाहून राहिली. मंग स्वतःच ठाण्यात घेऊन गेले. ठाण्यातले हसले, अन् संध्याकाळी सोडून देलं. दुसऱ्या दिवशी तो घरात नव्हता. फोटो त्याचे होते का कोणी ठेवायले देले होते, कोणी विचारलंच नाही त्याले. मीबी नाही विचारलं."

"नंतर काही पत्ता?"

"रामाकोना गावच्या एकानं नागपूरच्या स्टेशनावर पाहिला म्हणे. त्यालेबी लय वर्सं झाली. आई गेली, बाबा गेले. तो दोघायच्याबी मातीले नाही आला."

मग बाईंचा आवाज वर्गातल्यासारखा करडा झाला. "क्रमांक चार टाक. हे मराठीत लिही."

"बाई, भोपाळवाल्यांना मराठी कळायचं नाही."

"त्यायच्यासाठी नाही लिहून राहिली मी. जमा झालेल्या हरकती ते सगळ्यायले वाचायले ठेवतात. मसुद्यात लिहिलं आहे. पहिले वाच."

मी टाइप केलं. मनोहरदादा, फोटो मीच दाखवले होते. तुला विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही. आता घरात तुला रागावणारं कोणी नाही. मी सौसरलाच आहे. तू ये.

खाली बाईंनी पूर्ण पत्ता टाकायला लावला. गल्ली, घर नंबर, समोरची पाण्याची टाकी, सगळं. मी बटण दाबलं, पावती काढून दिली.

बाईंनी ती दोनदा वाचली. "उत्तर कधी येते रे याचं?"

इतक्या वर्षांत बाईंच्या एकाही अर्जाला उत्तर आलेलं मी पाहिलं नाही. बाईंनीही नाही.

"येईल, बाई," मी म्हणालो.

चहा सांगितला होता, तोही त्यांनी घेतला नाही. पिशवी उचलली, घाईघाईनं चप्पल शोधली.

"जाते मी. कोणी आलं अन् दाराले कुलूप दिसलं, तं परत जाईन तो."