अस्सल बिस्किट कुठं गेलं?

डेन्झिल ट्रेम्बाथच्या नजरेतून एकवेळ डास सुटेल, चोर सुटायचा नाही! ही जाहिरात त्याची त्यानंच केलेली. बंदरावरच्या सहाशे वर्षांच्या लोकरीच्या वखारीत आता जहाजांचं संग्रहालय आहे आणि डेन्झिल तिथला रखवालदार. संग्रहालयाची शान म्हणजे बुडालेल्या जहाजातून वाचलेलं, दोनशे वर्षांपूर्वीचं खलाशांचं बिस्किट. ते गेलं की आपली नोकरी गेली, हे तो जाणून होता.

नव्या संचालिका मिस ब्रॅकनबरी लंडनहून आल्या आणि त्या काचपेटीपाशी सारख्या घुटमळू लागल्या. डेन्झिलच्या मनात पाल चुकचुकली.

"मॉरवेना, मला एक कडक बिस्किट भाजून दे," तो बायकोला म्हणाला. "का, ते विचारू नकोस!"

मॉरवेनाची धक्क्यावर बेकरी. "तुलापण?" ती म्हणाली आणि ओठ मिटून पीठ मळू लागली.

तुलापण? म्हणजे हीसुद्धा सामील! त्या दिवसापासून डेन्झिल घरचा चहाही हुंगून पिऊ लागला.

बिस्किट मिळताच त्यानं पेटीतलं टोपीत दडवलं आणि बायकोचं तिथं मांडलं. आता चोर म्हणावं, ये!

चोर आला नाही, बिस्किट तपासायला एक तज्ज्ञ आले. त्यांनी पेटी उघडून बिस्किट हुंगलं. "हे तर याच आठवड्यातलं!"

"ट्रेम्बाथ!" बाई किंचाळल्या. "मला पहिल्यापासून तुमचाच संशय होता!"

"आणि मला तुमचा!" डेन्झिलनं ऐटीत टोपी काढली. "हे घ्या अस्सल!"

तज्ज्ञांनी तेही हुंगलं. "हेही त्याच भट्टीतलं."

बाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. "तुम्ही चोराल म्हणून नकली मीच ठेवलं होतं. धक्क्यावरच्या बेकरीवालीनं करून दिलं. अस्सल अजून नमुन्याला तिच्याचकडे आहे!"

"ती माझी बायको आहे!"

पदवीवाले असोत की पट्टेवाले, अक्कल एकाच गोणीतली! तिघंही धक्क्यावरून धावत सुटले.

मॉरवेना लाटणं घेऊन दारातच उभी. "या बाई म्हणाल्या, रखवालदाराला कळू देऊ नका, तो चोर आहे. मी म्हटलं, असेलही!"

"अगं, नमुना कुठाय?"

"परातीत सगळी सारखीच दिसत होती रे! एक यांना दिलं, एक तुला दिलं. उरलं ते परवा तुझ्या डब्यात घातलं. अन्न टाकवत नाही मला."

डेन्झिलनं पोट धरलं. बाई मटकन पायरीवर बसल्या. तज्ज्ञांचे डोळे मात्र लकाकले.

"दोनशे वर्षांचं बिस्किट खाल्लंत तुम्ही? आणि बायकोच्या बिस्किटातला नि त्यातला फरक कळला नाही?"

मॉरवेनानं लाटणं या हातातून त्या हातात घेतलं. नोकरी तर गेलीच होती, आता निदान घर वाचवायला हवं होतं.

"छे हो!" डेन्झिल म्हणाला. "काही म्हणजे काही कळलं नाही!"

खरं तर ते नेहमीपेक्षा बरंच मऊ लागलं होतं!