संगणकात आढळलेला अनधिकृत वेग

दाखला विभागातला संगणक सुरू व्हायला सत्तावीस मिनिटं लागत. याबद्दल गेल्या अकरा वर्षांत एकही लेखी तक्रार आलेली नव्हती, हे आधीच नमूद केलेलं बरं.

त्या संगणकापुढे बसणाऱ्या बाईंना सगळे दाखलाबाईच म्हणत. सकाळी दहाला त्या बटण दाबत आणि संगणकाच्या पोटातली जुनी हार्ड डिस्क घरघरायला लागे. तेवढ्यात शिपायाचा चहा होई, साहेबांचं वर्तमानपत्र होई, आणि लाइनीतली माणसं हवापाण्यापासून सुरू करून एकमेकांच्या जावयांपर्यंत पोचत. पुढे प्रत्येक दाखल्याला नऊ मिनिटं, आणि संध्याकाळी दिवसाची नोंद बंद करायला तास-सव्वा तास. सगळ्यांचं कसं छान बस्तान बसलं होतं. अपवाद फक्त दाखलाबाईंचा.

त्यांच्या घरी आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला आधाराशिवाय उठता येत नसे. सोबतीला ठेवलेली बाई साडेपाचला निघे आणि दाखलाबाई सातला पोचत. मधल्या वेळात उठायची पाळी येऊ नये म्हणून आई दुपारनंतर पाणीच पीत नसे. "मला तहानच लागत नाही गं," म्हणायची. ओठ पार सुकलेले असायचे.

नव्या ड्राइव्हसाठी त्यांनी तीनदा कागदावर अर्ज केला. तिन्ही वेळा उत्तर आलं की अर्ज ऑनलाइनच करावा. ऑनलाइन अर्ज पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होई, आणि त्याचं दुसरं पान उघडायला या संगणकाला अठरा मिनिटं लागत.

शेवटी भाची धावून आली. तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. एका शनिवारी ऑफिस सुटल्यावर तिने खोकं उघडलं, अकरा वर्षांची धूळ फुंकली आणि कान लावून ऐकलं.

"मावशी, ही हार्ड डिस्क नाही, जातं आहे. आत तबकडी गरगरतेय आणि बिचारी एकेक अक्षर शोधत बसलीये."

"मग काय करायचं?"

"पेन्शनीत काढायची." भाचीने पिशवीतून खिशातल्या डायरीएवढी एसएसडी काढली. "हिच्यात फिरणारं काहीच नाही. आहे तेवढं सगळं हिच्यावर उतरवते. ही माझ्याकडून आजीला भेट समज. आणि जुनी टाकू नकोस हं, कपाटात ठेव."

सोमवारी संगणक चौदा सेकंदांत सुरू झाला. दाखलाबाई दचकल्याच. शिपाई तेव्हा चहाची किटली शोधत होता.

लाइनीतल्या पहिल्या गृहस्थांच्या हातात दोन मिनिटांत रहिवासी दाखला पडला. त्यांनी तो उलटा करून पाहिला.

"झालं?"

"झालं."

"मग आता मी काय करू?"

"कामावर जा की."

"अहो, अख्खा दिवस जाईल असं सांगून आलोय मी!" गृहस्थ दुखावल्यासारखे बाकावर जाऊन बसले आणि पाच वाजता, सगळ्यांत शेवटी उठले.

दाखलाबाई मात्र साडेपाचच्या आत घरात. आईने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि म्हणाली, "आधी पाणी दे." दोन पेले गटागटा प्यायली. असे अकरा दिवस गेले. इतकं सुख दाखलाबाईंना बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

बाराव्या दिवशी तपासनीस आले. त्यांच्या हातातल्या कागदावर विषय होता: शासकीय यंत्रात खासगी वेग आढळून आल्याबाबत.

त्यांनी संगणकाला कान लावला. "आवाज येत नाही."

"नव्या ड्राइव्हला आवाज नसतो, साहेब."

"मग यंत्र काम करतंय याला पुरावा काय?"

"दाखले निघतायत ना!"

"तो परिणाम झाला. मी पुरावा विचारला."

मग गोदामातला काटा आणवला. नोंदवहीतल्या वजनापेक्षा संगणक अर्धा किलो कमी भरला.

"अर्धा किलो शासकीय मालमत्ता कुठे आहे?"

"त्या कपाटात."

"कपाटाच्या नोंदीत अर्धा किलो जास्त दिसत नाही. म्हणजे ती तिथे नाही."

"उघडून दाखवते की!"

"बाई, डोळ्यांनी बघून नोंदवही चालत नसते."

आता विभागाच्या साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अहो, प्रतीक्षागृहाचा दुसरा मजला मंजूर झालाय. खुर्च्यासुद्धा आल्या. आणि तुम्ही लाइनच संपवलीत! आता तिथे प्रतीक्षा कोणी करायची, मी?"

"पण साहेब, लोकांची सोय झाली."

"तक्रार लोकांचीच आहे, बाई."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. अकरा वर्षांतली पहिली लेखी तक्रार. "दाखल्यासाठी रजा काढून आलो असता काम दोन मिनिटांत उरकण्यात आले. त्यामुळे उरलेला दिवस कामावर जावे लागून मनस्ताप झाला. तसेच इतक्या लवकर मिळालेला दाखला खरा असेल, यावर घरी कोणी विश्वास ठेवत नाही." खाली एक्केचाळीस सह्या. पहिली सही बाकावरच्या गृहस्थांची.

दाखलाबाईंचा बांध फुटला. "साहेब, माझी आई पाणी पीत नाही हो!"

साहेबांना खरंच वाईट वाटलं. वाईट माणूस नव्हताच तो. "अरेरे," ते म्हणाले, "तसा अर्ज करा. ऑनलाइन."

एसएसडी जप्त झाली आणि लाखेचं सील लावून तिजोरीत गेली. कपाटात नसलेली हार्ड डिस्क कपाटातून काढून पूर्ववत बसवण्यात आली. त्या संध्याकाळी घरी पोचायला दाखलाबाईंना सव्वासात झाले. आईने घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोबतीच्या बाईने पेला पुढे केला तेव्हा म्हणाली, "नको. मला तहानच लागत नाही."

ऑफिसात पुन्हा सकाळी दहाला घरघर सुरू झाली आणि विभागाच्या जिवात जीव आला. लाइन जिन्यापर्यंत गेली. जो तो फोन कानाला लावून आपापल्या ऑफिसात दुःखी आवाजात सांगत होता, "काय करणार, इथली सिस्टिमच स्लो आहे. आज काही यायला जमेलसं वाटत नाही."

चाळिसावा नंबर तुमचा होता. तुमचा फोनही नुकताच आटपला होता. पाच वाजले, तेव्हा दाखलाबाईंची नजर एकदा, फक्त एकदाच, घड्याळाकडे गेली. ती तुम्ही बरोबर टिपलीत आणि शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणालात, "बघा, या लोकांना घरी जायचीच काय ती घाई."