सगळ्यांनाच शनिवारी सहा

"चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली मी! वेबसाइट ती काय, आणि तिचा बाऊ तो केवढा!" ताइस्तो लेकीला म्हणाला.

तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी बांधलेला सौना त्यानं भाड्यानं द्यायचा ठरवला होता. सहा माणसं मावतील एवढी वाफेची खोली, बाहेर पडवी, पुढे थेट पाण्यात उडी! वेळ ठरवायची साइटही त्यानं स्वतःच जुळवली.

"बाबा, आधी चार जणांकडून तपासून घ्या," रीक्का म्हणाली.

"तपासली की! शनिवारी सहा निवडले, शनिवारी सहाच मिळाले. चोख!"

"दुसरी एखादी वेळ निवडून बघितलीत?"

"इंजिन एकदा सुरू झालं की झालं! प्रत्येक उतारूसाठी वेगळं तपासतात का?"

रीक्कानं कपाळाला हात लावला आणि साइट सुरू झाली.

शनिवारी पावणेसहाला ताइस्तो सौनाच्या चुलीत लाकडं सारत होता, तोच गाड्या यायला लागल्या. आधी भजनमंडळाच्या पाच बायका, मग पाद्रीणबाई नवऱ्यासकट, मग हॉकीचे सात म्हातारे खेळाडू... बघता बघता एकतीस माणसं खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभी! कुणी चकार शब्द काढेना.

"तुमची वेळ?"

"शनिवारी सहा," पाद्रीणबाई म्हणाल्या. "निवडली होती रविवारची सकाळ."

"मग बोलला का नाहीत?"

"मशीननं ठरवलंय म्हटल्यावर त्याला कशाला दुखवा!"

ताइस्तोनं रीक्काला फोन लावला. तिनं साइट उघडून पाहिली. "कुठलीही वेळ निवडा, ही यादीतली पहिलीच पकडतेय! आणि तुम्ही तपासलीत तीही पहिलीच!"

ताइस्तोनं फोन खिशात कोंबला.

तेवढ्यात वृद्धाश्रमाची गाडी आली. आत एक्क्याण्णव वर्षांचे एमेली आजोबा. "दोन वर्षांनी सौना मिळतोय त्यांना," परिचारिका म्हणाली, "पण सातला गाडी परत न्यायचीय."

ताइस्तो पायरीवर चढला. "मंडळी, चूक माझी. साइट नीट तपासली नाही मी. शिव्या द्यायच्या तर द्या, पण..."

शिव्या कुणी दिल्याच नाहीत. भजनवाल्या बायका बाजूला सरकल्या, मागोमाग अख्खी रांग. हॉकीवाल्यांनी आजोबांना अलगद उचलून आत नेलं. क्षणभरात आतून आजोबांचा आवाज आला, "पाणी ओता रे तापल्या दगडांवर! ही वाफ आहे की सर्दीचा वाफारा?"

बीटासारखे लाल होऊन आजोबा पाच मिनिटं आधीच गाडीत बसले. बाकीच्यांनी पाळ्या लावल्या, पडवीत सॉसेज भाजले, आणि एरवी हवामानापलीकडे न बोलणारे लोक चक्क गाणी म्हणू लागले!

सोमवारी रीक्कानं साइट दुरुस्त केली आणि सात जणांकडून उलटसुलट तपासून घेतली. आता ती तेल घातलेल्या इंजिनासारखी चालू लागली.

बुधवारी ताइस्तोची कंबर धरली. टॉवेल घेऊन तो सौनापाशी गेला, तर आत पाद्रीणबाई आणि त्यांचा नवरा! बिचारा ताइस्तो पायरीवर बसला, मोबाइल काढला आणि स्वतःच्याच साइटवर मोकळी वेळ शोधू लागला.

मिळाली. तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी, पहाटे पावणेसहाची!