एक सप्तक खाली

दोन वाजून सतरा मिनिटं

पेटी उघडली आणि कर्स्टी हॅल्पिनने ती लगेच पुन्हा बंद केली.

आत व्हायोलिन होतं, आणि तेच तर वाईट होतं. नसतं तर निदान 'चोरीला गेलं' म्हणून मोठ्याने रडता आलं असतं. पण पेटीत होतं ते दुसरं व्हायोलिन. दिसायला पहिल्याचं जुळं भावंड, फक्त तारा जाड, आणि आवाज नेहमीच्या व्हायोलिनपेक्षा एक सप्तक खाली. गज टेकवला की चिमणीच्या गळ्यातून बैल हंबरल्यासारखं वाटायचं. सकाळीच ते एका वाइनरीच्या अंगणात टँगोवाल्यांबरोबर हंबरलं होतं आणि लोकांनी काटे-चमचे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या.

तिचं सभ्य व्हायोलिन या क्षणी कोलॅकला, घरी, सोफ्यावर, अगदी अशाच काळ्या पेटीत झोपलं होतं. सकाळी गाडीत दोन पेट्या टाकायच्या होत्या. एक टाकली, आणि मागे वळून पाहिलं तेव्हा डिकीत पेटी दिसली म्हणून दुसरीची आठवणच झाली नाही.

इथून, म्हणजे जिलाँगहून, कोलॅक एक तास. कार्यक्रम अडीचला.


तिचा आठवडा, म्हणजे हे असं का झालं ते कळेल

सोमवार: वृद्धाश्रमात वॉल्ट्झ.
मंगळवार: कुत्र्यांच्या बिस्किटांची जाहिरात. मागे आनंदी व्हायोलिन हवं होतं.
बुधवार: बेलारीन वाद्यवृंदाची तालीम.
गुरुवार: विन्चेल्सीच्या पबमध्ये डॅझाच्या कंट्री बँडबरोबर.
शुक्रवार: तालीम.
शनिवार: दुपारी ग्रीक बाप्तिस्मा, संध्याकाळी आयरिश लग्न.
रविवार: टँगो. मग वाद्यवृंद. मग, जमलं तर, केस धुणं.

पंधरा वर्षं असंच चाललं होतं. अडतिसाव्या वर्षी माणसाला वाटायला लागतं, की आपली एक खुर्ची असावी. बेलारीन वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनच्या रांगेतली शेवटची खुर्ची रिकामी होती. कायमची. एकदा मिळाली की निवृत्तीपर्यंत कोणी उठवत नाही. पण आधी सहा महिने परीक्षा, आणि ती संपत होती आज. तिसऱ्या महिन्यात तिला चिठ्ठी आली होती: 'वादन चांगले आहे. परंतु या वादकाचा पाय एका जागी आहे असे वाटत नाही.' खाली सही होती रांगेतल्या सगळ्यात जुन्या वादकाची, मर्विन ओकडेन यांची.


दोन वाजून वीस

"ग्लेनिस," कर्स्टीने रंगमंच सांभाळणाऱ्या बाईंना पडद्यामागे गाठलं. "एखादं जास्तीचं व्हायोलिन आहे का गं कुठे?"

"कपाटात आहे. किल्ली बॅरीकडे, आणि बॅरी बहिणीच्या साठाव्या वाढदिवसाला बॅलारॅटला. का? तुझ्याला काय झालं?"

"काही नाही गं. म्हणजे झालंय असं की—"

मागे मर्विन ओकडेन खाकरले. वाद्यवृंदातले सगळे त्यांना मर्व्ह म्हणत. कर्स्टीची मात्र अजून छाती झाली नव्हती.

"काय हवंय हिला?" मर्विन ओकडेननी विचारलं.

"व्हा—" ग्लेनिस म्हणाली.

"पाणी," कर्स्टी म्हणाली.

"पाणी पिऊन बसू नकोस. उत्तरार्धातली सिंफनी पन्नास मिनिटांची आहे." मर्विन ओकडेन एकतीस वर्षं त्या वाद्यवृंदात होते आणि उंच कॉलरमुळे त्यांची मान कधी वळत नसे, वळायचे ते अख्खे. ते अख्खे तिच्याकडे वळले. "आज मी तुझ्या शेजारी. मागच्या रांगेत खुर्च्या फिरवायची पद्धत आहेच, पण आज मी मुद्दाम मागून घेतली ही जागा."

"हो का? का बरं?"

"तुला जवळून ऐकायचंय."


दोन वाजून अठ्ठावीस

ओबो नावाच्या फुंकवाद्याने सूर दिला. सगळ्यांनी आपापल्या तारा त्याला मिळवल्या. कर्स्टीनेही मान कलती करून, डोळे बारीक करून, खुंटी पिळल्यासारखं केलं. गज तारेच्या वर होता. किती वर? तांदळाचा एक दाणा जेमतेम मावेल इतका.

ठरलं होतं. दुसरा इलाज नव्हता. आज वाजवायचंच नाही.


पहिली रचना

न वाजवणं हे वाजवण्यापेक्षा किती अवघड असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. बोटं बरोबर जागी पडायला हवीत, मनगट हलायला हवं, गज शेजाऱ्याबरोबर वर आणि शेजाऱ्याबरोबर खाली, आणि मध्ये तो तांदळाचा दाणा. कर्स्टीच्या पाठीवरून घाम ओघळत होता. आज गज टेकला तर बाराशे लोक तिच्याकडे बघतील, आणि उद्या ती पुन्हा कुत्र्यांच्या बिस्किटांकडे.

ती कान टवकारून मर्विन ओकडेनचा सूर शोधत होती. सापडेना. इतका जवळचा माणूस, आणि त्याचा आवाज वेगळा म्हणून ऐकूच येऊ नये! सगळ्या रांगेच्या सुरात विरघळून गेलेला. याला म्हणतात मुरलेला वादक, ती मनात म्हणाली, आणि तिची भीती आणखी एका बोटाने वाढली. असा माणूस शेजारी बसलाय. त्याला आपली शांतता ऐकू येत नसेल?

मग ते पान आलं जिथे गज बाजूला ठेवून तारा बोटाने छेडायच्या असतात. बोटाखाली तांदळाचा दाणा ठेवता येत नाही. सात वेळा तिचं बोट हवेतून गेलं. आठव्यांदा अडकलं.

भुंम्म्.

खालच्या सुरांच्या चेलोवाल्यांपैकी एकाने दचकून स्वतःच्या वाद्याकडे पाहिलं. टाळ्या सुरू झाल्यावर मर्विन ओकडेन पुढे बघतच म्हणाले, "ऐकलंस?"

"न… नाही. काय?"

"चेलो. शिस्तच नाही त्यांना."


दुसरी रचना. इथे तार तुटते.

नॉर्वेहून आलेली पाहुणी व्हायोलिनवादक सगळ्यांच्या पुढे उभी राहून झपाटल्यासारखी वाजवत होती आणि कर्स्टीला जरा बरं वाटायला लागलं होतं. सगळ्यांचं लक्ष तिकडे. आता अजून पंचवीस मिनिटं रेटली की मध्यंतर, मध्यंतरात काहीतरी—

फट्.

चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला. पाहुणीची सगळ्यात वरची तार.

यावर वाद्यवृंदांत एक जुनी पद्धत असते आणि ती फार सुरेख असते, म्हणजे तुमचं व्हायोलिन नीट असेल तर. संगीत थांबत नाही. पाहुणी वळते आणि पहिल्या खुर्चीवरच्या बाईंचं व्हायोलिन घेते. त्या शेजाऱ्याचं घेतात. शेजारी मागच्याचं घेतो. आग लागल्यावर बादल्या पुढे सरकाव्यात तशी धड व्हायोलिनं पुढे पुढे जातात, आणि तुटलेलं हातोहात मागे येतं. शेवटी एकच माणूस हात रिकामे करून बसतो: शेवटच्या खुर्चीवरचा. त्याने तुटलेलं घेऊन आत जायचं आणि तार बदलायची.

कर्स्टीने ते येताना पाहिलं. पहिली रांग. दुसरी. तिसरी. समोरच्या मुलीने मर्विन ओकडेनचं घेतलं. मर्विन ओकडेनचा हात कर्स्टीकडे आला.

"दे."

कर्स्टीने मान हलवली.

"दे इकडे!" ओठ न हलवता.

"माझं नको," ती तशीच कुजबुजली. "त्याला… त्याला सर्दी झालीय."

"काय?"

"प्लीज, मिस्टर ओकडेन."

त्यांनी ओढलं. तिने धरून ठेवलं. दोन मोठी माणसं, काळ्या कपड्यांत, बाराशे लोकांसमोर, दोन मात्रा चांगली रस्सीखेच झाली. मग तिच्या घामेजल्या हातातून ते निसटलं आणि मांडीवर तुटलेल्या तारेचं, शेवरीच्या कापसासारखं हलकं, शंभर-दीडशे वर्षांचं व्हायोलिन येऊन पडलं. ती उठली आणि दाराबाहेर गेली. जाताना वाटलं, हाच आपला निरोप समारंभ.


दाराआड

"लवकर गं," ग्लेनिस बॅटरी धरून म्हणाली. "तार आहे ना?"

तार होती. दोन्ही पेट्यांच्या कप्प्यात नेहमीची बारीक तार एक जास्तीची असायची. पण कान दाराकडे लागले होते आणि तारेचं टोक खुंटीच्या भोकात जाईना.

"हातातलं बघ. तार तुटली तिची, तुझं लक्ष कुठे?"

"शूः. ऐक."

"काय ऐकू?"

"आता सगळ्या व्हायोलिनांचा एकच उंच सूर आहे. एकदम हळू. चार मात्रांत सुरू होईल." कर्स्टीने डोळे मिटले. आता बैल हंबरणार. मर्विन ओकडेनच्या हनुवटीखाली, वाद्यवृंदाच्या सगळ्यात नाजूक जागी. मग ते अख्खे वळतील.

सूर सुरू झाला. काचेसारखा. उंच. त्याच्याखाली काहीच नाही.

चार मात्रा. आठ. बारा.

"छान चाललंय की," ग्लेनिस म्हणाली.

कर्स्टीने डोळे उघडले. दाराला हाताच्या पंजाएवढी काच होती आणि शेवटची खुर्ची दारापासून सहा फुटांवर. मर्विन ओकडेन ताठ बसून वाजवत होते. बोटं बरोबर जागी. मनगट हलत होतं. गज समोरच्या मुलीबरोबर वर, समोरच्या मुलीबरोबर खाली.

आणि गज आणि तार यांच्यामध्ये तांदळाचा एक दाणा जेमतेम मावेल इतकी फट.


मध्यंतर

त्या रचनेचा पहिला भाग संपताच कर्स्टीने दुरुस्त व्हायोलिन आत नेलं, बादल्या उलट्या दिशेने फिरल्या, ज्याचं त्याला मिळालं. मध्यंतरात ते दोघं लॅमिंग्टन केकच्या ताटापाशी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तारा जाड आहेत," मर्विन ओकडेन म्हणाले.

"हो."

"मी वाजवलं असतं तर?"

"तुम्ही वाजवलं का नाहीत?" तिच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिला वाटलं, संपलं.

त्यांनी लॅमिंग्टनवरचा खोबऱ्याचा कीस एका बोटाने बाजूला केला. "किती दिवस चाललंय तुझं हे?"

"आजच! देवाशपथ आजच. तुमचं?"

"सहा वर्षं."

कर्स्टीने अख्खा लॅमिंग्टन तोंडात कोंबला.

"एका ठिकाणी सगळे थांबतात," ते म्हणाले. "पूर्ण शांतता. चार मात्रा. आणि मी मोजायला चुकलो. अख्खं सभागृह श्वास रोखून बसलेलं, आणि मी एकटा. ट्यँऽऽ. तेव्हापासून गज टेकवायचा म्हटलं की तो तारेपाशी येऊन थांबतो. रोज वाटतं आज कोणीतरी ओळखणार. आज शेजारी नवी, चांगल्या कानाची. हिला ऐकू येणार की आपण ऐकूच येत नाही. त्यापेक्षा आपणच जवळ बसून अंदाज घ्यावा."

"म्हणून जागा मागून घेतलीत?"

"मग काय तुझं वादन ऐकायला?"

"पण घरी तरी वाजवत असाल."

"घरी बायको आहे. तिचे कान तर फारच चांगले."

कर्स्टीने बोटांवरचं खोबरं झटकलं. मग म्हणाली, "मी डॅझाच्या बँडमध्ये दर गुरुवारी चार मात्रा आधी घुसते. लोक बिअर आणून देतात."

"चुकल्याबद्दल?"

"त्यांना वाटतं मुद्दाम केलं."

मर्विन ओकडेन अख्खे तिच्याकडे वळले. "कुठे आहे म्हणालीस हा पब?"


सिंफनी

(पन्नास मिनिटं. दोघंही.)


त्यानंतर

कार्यक्रमानंतर वाद्यवृंदाचे संचालक मुद्दाम मागच्या रांगेपर्यंत चालत आले. "आज शेवटची जोडी!" ते म्हणाले. "काय स्वच्छ! कुठे काही टोचलं नाही!" कर्स्टीने लाजून खाली बघितलं. मर्विन ओकडेननीही.

दहा दिवसांनी पत्र आलं. खुर्ची कायम. मर्विन ओकडेननी स्वतः शिफारस केली होती, आणि त्याच आठवड्यात निवृत्तीचा अर्जही दिला होता. कर्स्टीने त्या दिवशी पेटीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'सभ्य' असं लिहिलं. मग डॅझाला फोन केला, की आता गुरुवारीही तालीम, मला जमणार नाही रे, माझ्या जागी कोणी बघ. फोन ठेवल्यावर ती थोडी रडली. कायमच्या खुर्चीत बसल्यावर रडायला सवड मिळते हे तिला नव्यानेच कळत होतं.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी दुपारी डॅझाचा फोन आला.

"बाई, एक सांग. तुझ्या जागेवर एक आजोबा आलेत. कोट, कॉलर, सगळं कडक. तुझं नाव सांगतात. वाजवतात मोठ्याने. म्हणजे फारच मोठ्याने, ड्रमवाला तक्रार करतोय. पण भानगड अशी, की दर गाण्यात चार मात्रा आधी घुसतात."

"मग? लोक काय म्हणतात?"

"लोक टेबलावर चढतात! गेल्या खेपेला स्वयंपाकी चिकन पार्मा करपवून बाहेर आला बघायला. पण पोरांचं म्हणणं, कायम घ्यायचं तर आधी कळू दे हा माणूस मुद्दाम करतो की चुकतो. मुद्दाम करत असेल तर कलाकार. चुकत असेल तर नको बाबा, रेकॉर्डिंगमध्ये बोंब होईल. तू बसली आहेस ना त्यांच्या शेजारी?"

"बसलेय."

पलीकडे डॅझाने फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नव्हता. मागून एक कापरा आवाज ऐकू आला. "काय म्हणतेय ती? काही बोलली का? विचारा ना, काय म्हणतेय ते…"

कर्स्टीला तो आवाज ओळखीचा वाटला. मर्विन ओकडेनचा म्हणून नव्हे. सहा महिने रोज पहाटे तिच्या स्वतःच्या पोटातून तोच आवाज येत असे. तिने मोठा श्वास घेतला.

"हे बघ डॅझा," ती म्हणाली, "अख्खा कार्यक्रम मी त्यांच्या शेजारी बसलेय, आणि माझे कान तुला माहीत आहेत. त्यांचा एक, एकसुद्धा सूर चुकला नाही."